डाव्या हाताचा समुद्र

माझ्या कामाविषयी लिहा, असं या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या तेव्हा मी त्यांना विचारलं, कुठल्या कामाविषयी? पगार मला शाळेत कवायत शिकवण्याचा मिळाला. तीस वर्षं शिट्टी फुंकली, दर पंधरा ऑगस्टला मुलींच्या रांगा सरळ केल्या आणि निवृत्त झाले. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. माझं खरं काम त्याच्या आधीचं. दोन खांबांच्या मध्ये उभं राहायचं आणि चेंडू आत जाऊ द्यायचा नाही. ऐंशीच्या दशकात रत्नागिरीच्या एका मुलीनं हे काम धरलं आणि सहा वर्षं राज्याच्या संघात केलं, असं आज सांगितलं की लोक आधी माझ्या गुडघ्यांकडे बघतात आणि मग विश्वास ठेवतात. गुडघ्यांनी सगळा पुरावा जपून ठेवला आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गोलकीपर म्हणजे उड्या मारणारी बाई. खरं तर जिला फार उड्या माराव्या लागतात ती चुकीच्या जागी उभी असते. नीट उभं राहिलं की चेंडू आपणहून हातात येतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की मारणारीनंच वाईट मारला. म्हणजे काम जितकं चांगलं तितकं ते दिसत नाही. दुसरी गोष्ट ओल्या चेंडूची. तो तळव्यांनी थोपवायला गेलं की निसटतो. त्याला येऊ द्यायचं, हात जरा मागे घ्यायचे आणि पोटाशी मिठी मारायची. पुढे शिबिरांमध्ये चांगल्या चांगल्या मुलींना हे महिनामहिना शिकवलेलं मी पाहिलं. मला कोणी शिकवलं नाही. मी मिरकरवाड्यात वाढले.

ज्यांनी मिरकरवाड्याचं बंदर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मासे घेऊन लाँच धक्क्याला लागली की बायकांची रांग उभी राहते आणि मासळीच्या पाट्या हातोहात वर लिलावाच्या जागी जातात. निदान आमच्या वेळी जात. पाटी डावीकडून यायची. घ्यायची, पोटाशी टेकवायची आणि उजवीकडे द्यायची. देणारीनं "ये गो" म्हणायचं, एवढंच. उजवीकडे बघायचं नाही. बघत बसलीस तर डावीकडची पुढची पाटी पायावर आलीच म्हणून समज. उजवीकडे हात असणारच, असा विश्वास ठेवायचा. दहाव्या वर्षापासून सुट्टीच्या दिवशी मी त्या रांगेत असे. माझ्या डावीकडे आई आणि उजवीकडे हसीना. हसीनाचे वडील लाँच चालवणारे तांडेल होते. ती माझ्याच वर्गात होती आणि मासळी विकत घ्यायला येऊन नाकाला पदर लावणाऱ्या बायकांची नक्कल फार छान करायची.

आईचा मासळीचा धंदा होता आणि तिचं म्हणणं सरळ होतं. मी शाळा शिकावी, पण हात पाटीचे राहावेत. तिच्यामागे तो धंदा मीच चालवायचा होता, कारण भाऊ मुंबईला गेलेला आणि वडील नव्हते.

आमच्या शाळेत फुटबॉल आणला शिंदेबाईंनी. त्या कोल्हापूरच्या. बदली होऊन रत्नागिरीत आल्या त्या ट्रंकेत साड्यांच्या मधोमध एक चेंडू घालून. आम्हा मुलींना खो-खो माहीत, कबड्डी माहीत. पायानं खेळायचा खेळ मुलींनी खेळावा ही कल्पना मुख्याध्यापकांना पचेना. बाई म्हणाल्या, "सर, पाय पोरींनाबी दोनच असत्यात." मुख्याध्यापकांनी हात जोडले आणि एकच अट घातली, शाळेच्या आवारात नको, काचा फुटतील.

मग मैदान कुठलं? रत्नागिरीत सपाट जागा म्हणजे जांभ्याचा कातळ. त्यावर पडलं की कातडंच निघतं. बाईंनी गावाजवळची वाळूची पुळण हेरली. त्या पाहायला गेल्या ती अमावास्या होती. संध्याकाळी पाच वाजता ओहोटी, समोर ओल्या वाळूचं असं मैदान की कोल्हापूरच्या पैलवानालाही हेवा वाटावा. बाईंनी दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं, "सराव रोज संध्याकाळी पाच." आम्ही एकमेकींकडे पाहिलं. कोणी बोललं नाही, कारण बाईंच्या लिहिलेल्याला बोट दाखवायची आमची छाती नव्हती. आठवड्यानं अष्टमी आली. पाचला आम्ही अकराजणी आणि बाई पुळणीवर पोचलो तर पुळणच नव्हती. लाटा टोकाच्या दगडी गडग्याला लागत होत्या.

"मैदान कुठं गेलं गं?" बाईंनी विचारलं.

त्या संध्याकाळी मी त्यांना घरी आईकडे नेलं. आई बांगडे साफ करत होती. तिनं हातातलं काम न थांबवता बाईंना आमच्या किनाऱ्याचं गणित सांगितलं.

"मास्तरीणबाय, तिथीची पाऊणपट करायची. आज अष्टमी, म्हंजे साहा. साहाला भरती. मंग पाचाला खेळताव कुटं, पान्यात?"

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. तेव्हापासून आमचा सराव पंचांगावर चालला. अष्टमीला दुपारी बाराला, मधल्या सुट्टीत, डबा न खाता. पुनवेला संध्याकाळी. सगळ्या राज्यात भिंतीवरच्या कालनिर्णयात बघून फुटबॉल खेळणारा संघ आमचाच असावा.

गोलाचे खांब म्हणजे दोन जुनी वल्ही. ती आम्ही नेहमी पुळणीच्या एकाच टोकाला रोवायचो, कारण त्या टोकाला मागे जांभ्याचा गडगा होता. चुकलेला चेंडू गडग्याला लागून परत यायचा. दुसऱ्या टोकाला मागे काहीच नाही, चेंडू गेला की निम्मा सराव धावण्यात. मी गडग्याला पाठ करून उभी राहिले की उजव्या हाताला सुरूची झाडं आणि डाव्या हाताला समुद्र. मुली समोरून चढाई करत यायच्या. त्यांच्यात नियम असा होता की ज्या बाजूनं चेंडू पाण्यात जाईल त्या बाजूच्या मुलीनं तो आणायचा. समुद्राच्या बाजूला हसीना. दिवसातून वीसदा ती कमरेइतक्या पाण्यात. खारं पाणी प्यायलेला चेंडू दगडासारखा जड व्हायचा, बाई ओरडायच्या, म्हणून हळूहळू सगळ्यांनी तिच्याकडे चेंडू मारायचंच सोडलं.

"पान्यातनं चेंडू आनायला मी," हसीना एकदा चिडून म्हणाली, "नि गोल करायला तुमी. मला काय कोळंबी धरायला उभी केलीय?"

आम्ही हसलो. तिच्या बोलण्यात आमच्या संघाचा सगळा दोष होता, हे तेव्हा बाईंच्याही लक्षात आलं नाही.

त्याच सुमाराला माझा मामा आला. तो मालवाहू बोटीवर खलाशी होता, वर्षातून एकदा यायचा आणि येताना साबण, सेंट, ब्लेड असलं काहीबाही आणायचा. त्या वर्षी त्यानं माझ्यासाठी गोलकीपरचे हातमोजे आणले, पोलंडच्या एका बंदरातून. सोबत तिथल्या वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं. "तितं बायका खेळतात गो," तो सांगत होता. "थंडी अशी की नाक गळून पडंल, नि या बाया चिखलात लोळतायत." कात्रणात एक गोलकीपर होती, तोंडावर चिखल, चेंडू पोटाशी. खाली तिचं नाव छापलेलं. मामाला वाचता येईना, मला येईना आणि इंग्रजीच्या सरांनाही येईना. नुसती व्यंजनं, मधे श्वास घ्यायला जागा नाही. मी ते कात्रण आईला दाखवलं. तिनं चुलीच्या उजेडात धरून बारकाईनं पाहिलं.

"बरोबर धरलान हिनं," आई म्हणाली. "हिची आयस मासे इकत असंल."

मला वाटलं, आई वळली. कुठलं काय! दुसऱ्याच वाक्याला ती म्हणाली, "बाकी सगळ्या लाथा मारतात नि तू एकटीच झेलतंस. झेलायचंच हाय तर पाटी झेल."

मी कात्रण घडी करून दप्तरात ठेवलं.

मी अकरावीत होते. पावसाळ्यात लाँचा बंद असतात, आईलाही काम कमी. जिल्ह्याजिल्ह्यांच्या मुलींची स्पर्धा श्रावणात कोल्हापूरला होती आणि तिथूनच राज्याचा संघ निवडायचा होता. आईनं करार केला. नारळी पुनवेपर्यंत खेळ. राज्याच्या यादीत नाव आलं तर पुढे खेळ, मी आड येणार नाही. नाही आलं तर पुनवेनंतर लाँचा सुटतील तेव्हा तू रांगेत, कायमची, आणि त्या चेंडूचं नाव घरात काढायचं नाही. ती शब्दाची पक्की होती. लिलावात तिनं एकदा आकडा बोलला की ब्रह्मदेवही तो खाली आणू शकत नसे. मी जाताना तिच्या पाया पडले आणि एसटीत बसले.

कोल्हापूर हे फुटबॉलचं पंढरपूरच. आमचा पहिलाच सामना यजमानांशी. रत्नागिरीहून मुली आल्यात म्हटल्यावर लोक आंबे आणलेत का विचारत होते. काळ्या मातीचा चिखल, वर रिपरिप पाऊस. माझ्या गोलामागे फेटा बांधलेला एक आडदांड मनुष्य शेंगा खात बसला होता. बाजूला छत्रीखाली तीन निवड करणारे. मी खांबाला हात लावला, पोलंडचे मोजे घट्ट केले, आणि पंधराव्या मिनिटाला माझ्या डावीकडून गोल झाला.

मला तो दिसलाच नाही असं नाही. दिसला. पण पाय हलले नाहीत. कोल्हापूरची उजवीकडची मुलगी चपळ होती, दोन वेण्या, खांद्यावरून उडायच्या. ती पुन्हा त्याच बाजूनं आली आणि पुन्हा तेच. चेंडू माझ्या डाव्या हातापासून वीतभर अंतरावरून गेला. शेंगावाला मागून म्हणाला, "ए पोरी, डावीकडंबी गोलच हाय की! तिकडं का वाट सोडलीयास?"

आमच्या पुढच्या मुलींची तऱ्हा आणखी वेगळी. चेंडू मिळाला की सगळ्या डाव्या अंगानं पळत होत्या. कोल्हापूरच्या मुलींनी पाच मिनिटांत ते ओळखलं आणि तिकडे भिंत उभी केली. उजवीकडे हसीना एकटी उभी होती, कपडे कोरडे करत असल्यासारखी.

मध्यंतराला दोन शून्य. बाई लालबुंद झाल्या होत्या. त्यांच्या गावात, त्यांच्या माणसांपुढे त्यांचं नाक कापलं जात होतं.

"अगं, डावीकडं काय भूत बसलंय काय तुझ्या?" त्यांनी मला खडसावलं.

आणि माझ्या तोंडून निघालं, "भूत नाही बाई. समुद्र."

बाईंनी कपाळावर हात मारला. दोन वर्षं आम्ही एकाच टोकाला खेळलो होतो. माझ्या डावीकडून कधी चेंडू आलाच नव्हता, तिकडून फक्त लाटा यायच्या. आणि चढाई करणाऱ्यांच्या उजवीकडे समुद्र, म्हणून त्यांचे पाय चिखलातही पाणी टाळत होते. दीडशे किलोमीटरवर, घाट चढून, आम्ही आमचा समुद्र सोबत घेऊन आलो होतो.

"आता दहा मिनिटांत मी तुला डावी बाजू कुठली शिकवू?" बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला मात्र आईचं वाक्य आठवत होतं. झेलायचंच हाय तर पाटी झेल. चेंडू माझ्या डावीकडून कधी आला नव्हता, हे खरं. पण पाटी? पाटी तर दहाव्या वर्षापासून डावीकडूनच येत होती.

मी हसीनाला बाजूला ओढलं. "तू धक्क्यावर उभी राहतेस तशी उभी राहा. माझ्या उजवीकडे, लांब. मी बघणार नाही. फक्त ओरडेन."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं. "ये गो म्हनशील ना?" तिनं विचारलं.

उत्तरार्ध सुरू झाला आणि दोन वेण्यांची मुलगी पुन्हा आली, अर्थात डावीकडूनच. चेंडू तिच्या पायातून सुटला. मी चेंडू पाहिलाच नाही, मी पाटी पाहिली. हात आपोआप गेले, चेंडू पोटाशी आला, कंबर वळली, आणि "ये गो!" म्हणून मी तो उजवीकडे भिरकावला. न बघता. फेकल्यावर मग डोळे वर केले. हसीनाच्या आसपास चिटपाखरू नव्हतं. सगळं कोल्हापूर डावीकडे भिंत बांधून उभं, आणि हसीना एकटी धावत सुटलेली. दोन वर्षं कमरेइतक्या पाण्यातून चेंडूमागे पळालेल्या मुलीला चिखल म्हणजे डांबरी रस्ता. तिनं गोल केला आणि वळून नाकाला नसलेला पदर लावला. मला तेवढ्यातही हसू आलं.

दहा मिनिटांनी पुन्हा तसंच. डावीकडून घेतलं, उजवीकडे दिलं. दोन दोन. मग त्यांनी हसीनावर तीन मुली घातल्या. तेव्हा भिंतीत भोक पडलं, आणि हसीनानं दिलेल्या चेंडूवर डावीकडच्या आमच्या मुलीनं तिसरा केला. शेवटची पाच मिनिटं त्यांनी माझ्यावर अक्षरशः मासळीचा मोसम उतरवला. एकामागून एक. मी घेत होते, देत होते, ओरडत होते. माझा आवाज फुटला होता. शिट्टी झाली तेव्हा मध्यंतरानंतर माझ्यामागोमाग या टोकाला येऊन बसलेला शेंगावाला गोलाच्या आत आला, फेटा सावरला आणि मूठभर शेंगा माझ्या मोज्यात ओतल्या. "पोरी," तो म्हणाला, "चुकीच्या गावात जन्मलीयास." मी त्याला म्हटलं, नाही काका, बरोबर गावात.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुढचा सामना हरलो. त्याबद्दल लिहायला अंकात जागा पुरणार नाही, म्हणून लिहीत नाही. संध्याकाळी यादी वाचली. गोलकीपर म्हणून माझं नाव होतं. हसीनाचं नाव राखीव खेळाडूंत.

इथं एक गोष्ट कबूल करायची आहे. मी तेव्हा बोलायला हवं होतं. छत्रीखालच्या त्या तिघांना जाऊन सांगायला हवं होतं की मी फेकते ते हिच्या जोरावर; हिच्याशिवाय माझी अर्धी कला कोल्हापुरातच राहील. मी आनंदात होते, बोलले नाही. राखीव मुलींना बोलावणं कधी आलंच नाही. पुढे सहा वर्षांत मी बऱ्याच चांगल्या मुलींकडे चेंडू फेकला, पण दरवेळी आधी बघावं लागलं. हसीना आज मिरकरवाड्यात जाळ्यांचं दुकान चालवते. मी हे तिला मागच्या वर्षी बोलून दाखवलं. ती म्हणाली, "चाळीस वर्सं लागली व्हय गो तुला?" आणि चहा टाकला.

आम्ही परतलो तो नारळी पुनवेचाच दिवस. एसटीतून उतरून मी तशीच बंदरावर गेले. आई नवं लुगडं नेसून नारळ घेऊन उभी होती. मी तिला यादी सांगितली. तिनं मान हलवली आणि नारळ समुद्राला दिला. मग म्हणाली, "कसं झालं ता नीट सांग."

मी सगळं सांगितलं. दोन गोल, गडगा, समुद्र, पाटी. "पाटी" म्हटल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर तो भाव मी एरवी फक्त बंदरावर पाहिलाय. लिलावात आपला माल सगळ्यात चांगला आहे हे तिला माहीत असे आणि समोरच्यालाही नुकतंच कळलेलं असे, तेव्हाचा.

"डावीकडनं किती आले?"

"नंतर सात आले. सातही घेतले."

"आनि आधीचे दोन?"

मी खाली मान घातली.

पुनवेची संध्याकाळ असल्यानं पुळण उघडी पडली होती. आई चालत तिकडे गेली, मी तिच्यामागे. गडग्यापाशी आमची दोन वल्ही रोवलेली होती. आईनं ती उपटली, खांद्यावर घेतली आणि नव्या लुगड्यानिशी पुळणीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा रोवली. मला समजायला वेळ लागला. आता मी उभी राहिले की समुद्र उजव्या हाताला येणार होता आणि डावी बाजू सगळी मोकळी. आईनं कासोटा वर खोवला, माझ्या पिशवीतला चेंडू घेतला आणि डावीकडे लांब जाऊन उभी राहिली.

"आये," मी म्हटलं, "हितं मागं गडगा नाय."

"मंग जाव देव नको," आई म्हणाली. आणि "ये गो" म्हणून तिनं चेंडू फेकला.